तीन पूर्णांक नऊ दशांश

आमच्याकडे सातापैकी गुण देतात.
चार म्हणजे पास.
तीन पूर्णांक नऊ दशांश म्हणजे
दारात अडकलेलं बुटाचं टोक.

पुन्ता अरेनासला डिसेंबरात रात्र नीट होतच नाही.
दहा वाजले तरी सामुद्रधुनीवर उजेड रेंगाळतो
आणि आपल्याला वाटतं, अजून वेळ आहे.
असं वाटण्यालाही मानसशास्त्रात नाव आहे,
पान एकशे चाळीस, तळटीप.
यास्नाने ती पिवळ्या पेनाने रंगवली आहे.
यास्ना सगळंच पिवळं करते,
तिच्या पुस्तकात न रंगवलेली ओळच डोळ्यांत भरते.

स्वयंपाकघरात आम्ही तिघं.
एलिसेओ शेगडीला पाठ लावून बसलेला,
दांडीवर त्याचे ओले मोजे,
येर्बाचा कडू पेला या हातातून त्या हातात.
"माणसाच्या डोक्यात एका वेळी किती गोष्टी मावतात?"
"सात. दोन कमी किंवा दोन जास्त."
"माझ्या तीन," एलिसेओ म्हणाला,
"शिष्यवृत्ती, शिष्यवृत्ती आणि कालाफातेचा मुरांबा."
आम्ही हसलो. तो नाही हसला.
चाराच्या खाली घसरला तर बोटीने पलीकडे,
पोर्वेनीरला, मामाच्या मेंढ्यांकडे.
त्या गावाच्या नावाचा अर्थ भविष्य असा होतो,
पण त्यावरून त्याला चिडवायची
आमची हिंमत नव्हती.

आई रात्रपाळीला निघाली होती,
खेकड्यांच्या कारखान्यात.
हातमोजा शोधता शोधता म्हणाली,
"घाबरलं की आठवत नाही,
एवढं कळायला पाच वर्षं शिकावं लागतं होय?"
उत्तर कुणाकडेच नव्हतं.
किटली शिट्टी घालू लागली
आणि नेमकी तेव्हाच यास्नाने व्याख्या वाचली,
जे जिथे शिकावं, ते तिथेच चटकन आठवतं.
त्याला लांबलचक नाव होतं.
मी ते तीनदा घोकलं,
शिट्टीच्या वर आवाज चढवून.

सकाळी वारा असा की कुत्रीसुद्धा भिंतीला चिकटून.
पालिकेने कोपऱ्याकोपऱ्यावर दोर बांधले होते.
ते धरून आम्ही एकामागे एक चाललो, ओठ हलवत.
पुढच्या म्हातारीने वळून विचारलं,
"प्रार्थना म्हणताय का रे पोरांनो?"
"हो," एलिसेओ म्हणाला.
तेवढ्यात त्याच्या खिशातला एक कागद सुटला,
चौकावरून, तारांवरून,
थेट पाण्याकडे, पोर्वेनीरच्या दिशेने.
तो बघत राहिला.
दोर काही सोडला नाही.

प्रश्न अकरावा.
शिकण्याची जागा आणि आठवण्याची जागा,
त्यांच्या नात्याला काय म्हणतात?
स्वतःचं उदाहरण द्या.

मला शेगडी आठवली.
तापलेल्या लोकरीचा वास,
टेबलाखाली सापडलेला आईचा डावा हातमोजा,
किटलीच्या झाकणावरचा पोचा.
एक नाव तेवढं आठवेना.
इथे वास ओल्या कोटांचा आणि खडूचा,
खिडक्या आपल्या चौकटींशी भांडत होत्या,
प्राध्यापिका बार्रिएंतोस घड्याळाकडे न बघता
घड्याळाकडे बघत होत्या.
शेवटी लिहिलं,
"नाव आमच्या घरी राहिलं आहे.
किटली चढवली की येईल.
उदाहरण म्हणून कृपया हेच धरावं."
खाली रेघ मारली. मग ती खोडली.

बाहेर यास्ना उत्तरं पडताळत होती, मोठ्याने.
एलिसेओने कान टोपीत कोंबले.
निकाल शुक्रवारी.

घरी आले तेव्हा आई झोपली होती,
हात उशीखाली, मिठाने चिरलेले.
कोट न काढताच मी किटली चढवली.
पाणी आधी कुजबुजलं, मग गुरगुरलं,
आणि पहिली बारीक शिट्टी उठली तसं
ते आलं, जसंच्या तसं, एक अक्षरही न सांडता.
"संदर्भाधीन स्मृती!"
मी इतक्या मोठ्याने ओरडले की आई दचकून उठली.

"कोण आलं गं?"

"कुणी नाही, आई.
उशिरा आलंय. झोप तू."